नदी सरहद्द झाली त्या वसंतात

पंज नदीनं त्याला माझ्या पुढ्यात आणून टाकलं, तेव्हा मी मेंढीची लोकर धूत होते आणि मनातल्या मनात शकर आत्याशी भांडत होते. भांडणात मी जिंकतच आले होते, तेवढ्यात समोरच्या दगडावर काहीतरी धपकन आपटलं. पाहते तो काय... फुगवलेल्या दोन पखाली, त्यांवर पालथा पडलेला एक लांबलचक तरुण, आणि त्याच्या दातांत त्याचीच टोपी!

शरद सरत आला होता. जर्दाळूची पिवळी पानं पाण्यावर उतरत होती. नदीचा उन्हाळ्यातला संताप ओसरला होता, तरी पाणी असं गार की बोटं आपली आहेत की दुसऱ्या कुणाची ते कळू नये.

"सलाम," टोपी हातात घेत, दात वाजवत तो म्हणाला. "हे... हे वरचं गाव ना?"

"वरचं गाव वर असतं," मी म्हटलं. "हे खालचं."

"मग नदीची चूक झाली."

"नदी इथं तुझ्या आधीपासून आहे. चुकली असेल तर तुझी उडी चुकली."

तो हसला. ओठ निळे पडले होते, केसांतून पाणी गळत होतं, एक पाय अनवाणी होता, आणि हा पठ्ठ्या हसत होता! मी मान खाली घालून लोकर पिळू लागले. एकदा पिळलेलीच पुन्हा पिळली, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

त्याचं नाव कदमशो. समोरच्या काठावरच्या, खडकाखालच्या गावातला. आमच्याकडे जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं असू शकतं. त्याच्या आजीचं माहेर आमच्या वरच्या गावातलं, आणि माहेरानं तिला आंदण म्हणून अक्रोडाचं एक झाड दिलेलं. ते अक्रोड उतरवायला तो निघाला होता.

"आणि दुसरा बूट?" मी विचारलं.

"नदीनं नेला. मोज्यासकट."

माझ्या कमरेला विणकाम खोचलेलं होतं. एक मोजा पुरा झाला होता, लाल-काळ्या नक्षीचा, बाबांसाठी. मी तो काढून त्याच्यापुढे धरला.

"एकच?"

"उघडा पाय एकच आहे ना?"

"आणि दुसरा पाय रुसला तर?"

"तर त्याला म्हणावं, विणून होईपर्यंत कळ काढ, मग ये न्यायला..." बोलले मात्र, आणि जीभ चावली. तो नुसता बघत राहिला. मला त्या गार वाऱ्यात घाम फुटला.

*

अक्रोड चार दिवसांत उतरवून होतात. कदमशोचे अक्रोड बर्फ पडेपर्यंत उतरत होते.

कधी टोपली विसरली म्हणून यायचा, कधी टोपली परत द्यायची म्हणून. त्याच्या पखालीही शहाण्या झाल्या, दर वेळी बरोबर आमच्याच दगडाला लागायच्या. मग बाबांच्या पाणचक्कीवर दळण घेऊन येऊ लागला. त्याच्या गावात दोन चक्क्या होत्या.

"तिकडचं पीठ जाडं येतं का रे?" शकर आत्यानं एकदा विचारलंच. ही माझ्या बाबांची धाकटी बहीण, विधवा, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारी. नाव साखरेचं, पण जिभेवर कारलं.

"नाही आत्या, पण... इकडच्या पिठाला वास चांगला येतो."

"पिठाला," आत्या माझ्याकडे बघत म्हणाली. "बरं बाई, पिठाला."

मी चुलीत उगाचच लाकडं सारत राहिले. धूर झाला, सगळे खोकले, आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी धुरावर खपून गेलं.

बाबांना तो आवडला होता. बाबा, म्हणजे नियतबेग चक्कीवाले, तसे घुम्या स्वभावाचे. आई गेल्यापासून तर घरात बोलणारी मी एकटीच. पण कदमशो आला की बाबांची जीभ मोकळी व्हायची. दुधाच्या चहात मीठ-लोणी घालून, त्यात भाकरी चुरून ते बसायचे आणि राज्यांच्या गोष्टी सांगायचे.

"माझ्या पणज्याला विचारशील तर तो चीनच्या बादशहाचा. म्हणजे बादशहाला तसं वाटायचं. मग कोकंदचा खान म्हणाला, त्या खिंडीपर्यंत माझं. आम्ही म्हटलं, बरं. मग बदख्शानचा मीर म्हणाला, नाही, माझं. आम्ही म्हटलं, बरं. आता काबूलचा अमीर. त्याही आधी म्हणे सिकंदर येऊन गेला. एकाचंही राज्य माझ्या जात्याच्या दगडाइतकं टिकलं नाही."

"आणि नदी, काका? नदी कुणाची सरहद्द होती?"

"नदी?" बाबा हसले. "नदी कधीच कुणाची सरहद्द नव्हती. राज्यं डोंगरावर संपायची. नदीत फक्त पोरं भिजायची."

कदमशोनं चहाच्या वाटीआडून माझ्याकडे पाहिलं. त्या रात्री झोप लागेपर्यंत मला ती वाटी आणि तिच्यावरचे ते दोन डोळे दिसत होते. सांगायला लाज वाटते, पण खरं ते खरं.

*

हिवाळा उतरता उतरता दवंडी आली.

दूरच्या कुठल्याशा शहरात पांढऱ्या झारच्या माणसांनी आणि इंग्रज साहेबांनी नकाशा पसरून ठरवलं होतं की पंज नदी ही सरहद्द. या काठावर झारचा अंमल, त्या काठावर अमीराचा. नवरोजच्या, वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणापर्यंत ज्याला जिकडे जायचंय त्यानं जावं. त्यानंतर जो ज्या काठावर असेल, तो त्या राज्याचा. पखाली चौकीत जमा करायच्या. नदीत उतरेल त्याला गोळी.

दवंडीवाला निघून गेला, तरी आम्ही सगळे तिथंच उभे होतो.

"मेल्यांना आखायला दुसरी रेघ मिळाली नाही?" शकर आत्या म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा चढला नाही.

त्या संध्याकाळी बाबांनी चहात भाकरी चुरली आणि तशीच ठेवून दिली. "ओयमो," ते म्हणाले, "तो पोरगा चांगला आहे. काल मागणी घातली असती तर मी हो म्हटलं असतं. कालपर्यंत पलीकडे म्हणजे शेजार होता. आता पलीकडे म्हणजे परदेश. मी तुला परदेशी नाही देणार."

"आणि मी म्हटलं, जाते, तर?"

बाबा उठून चक्कीवर गेले. दळायला काही नव्हतं, तरी चक्कीचा आवाज बराच वेळ येत होता.

दुसऱ्या दिवशी कदमशो आला. काठ गोठलेले होते, त्याच्या पखालींना बर्फाचे खडे चिकटले होते. आम्ही दगडाआड बसलो, दोघांच्या मध्ये एक हात अंतर ठेवून. ते हातभर अंतर मला नदीपेक्षा मोठं वाटत होतं.

"नदी सरकते," तो एकदम म्हणाला. "आमच्या आजोबांच्या वेळी ती त्या पॉप्लरच्या झाडांपलीकडून जायची. अशीच सरकत सरकत तुमच्या गावाच्या मागे गेली, की आपण एका काठावर."

"तोवर मी म्हातारी होईन."

"चालेल."

"दात पडतील."

"अक्रोड मी फोडून देईन."

मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. त्यानं हात पुढे केला, अर्ध्यावर थांबवला, आणि माझ्या ओढणीवर पडलेला बर्फाचा एक कण तेवढा बोटानं टिपला.

"नवरोजला मी रुमाल सोडणार," तो म्हणाला.

नवरोजच्या संध्याकाळी गावची पोरं छपरांवर चढतात आणि छपराच्या मध्यावरच्या झरोक्यातून घरात रुमाल सोडतात. घरचे त्याला भाकरी बांधतात, अंडी बांधतात, पोरं ओढून घेतात आणि पुढच्या छपरावर पळतात. पण एखाद्यानं काहीच घेतलं नाही, रुमाल तसाच परत परत खाली सोडला, तर त्याला काय हवंय ते साऱ्या गावाला कळतं. मग मुलीचा बाप रुमालाचं टोक मुलीच्या मनगटाला बांधतो, नाहीतर काठी घेऊन छपरावर जातो.

"आणि बाबांनी काठी घेतली तर?"

"तर काठीच बांधून घेईन रुमालाला." मग थट्टा सोडून तो हळूच म्हणाला, "ओयमो... तू येशील ना?"

मी हो म्हटलं. म्हटलं खरी, पण त्याच क्षणी मला चुलीसमोर एकटे बसलेले बाबा दिसले. एका काठावर बाबा, एका काठावर हा. दोघांतलं एकच माझ्या वाट्याला येणार होतं, आणि नवरोज आठवड्यावर आला होता.

*

नवरोजच्या सकाळी बर्फ पडलं. घर झाडून, भिंतींवर पिठाचे ठसे उमटवून झाले. मोठ्या पातेल्यात मेंढीचं डोकं आणि गहू रटरटत होते. संध्याकाळ झाली, छपरांवर पावलं वाजू लागली. आमच्या झरोक्यातून तीन-चार रुमाल आले, भाकऱ्या घेऊन गेले. त्यांत त्याचा एकही नव्हता.

बाबा खांबाला टेकून बसले होते. माझ्याकडे बघत नव्हते, आणि झरोक्याकडेही. उजेड उतरत चालला. आला नाही... त्याला कुणी अडवलं? की पाण्यानंच...?

तेवढ्यात भिंतीपलीकडून शकर आत्याचा आवाज आला.

"अरे भाकरी नको तर नको! हे अंडं घे. अंडंही नको? चीज? अरे मेल्या, तुला हवंय तरी काय?"

मी कान टवकारले.

"असं का? मुलगी हवीय?" आत्याचा आवाज आता आनंदानं नुसता नाचत होता. "बांधते बरं बांधते! माझ्या घरात कुंवारीण एकच आहे, जपून ओढ!"

वर काहीतरी धडपडलं आणि मग एक करडू केविलवाणं ओरडलं.

बर्फानं सगळी छपरं एक झाली होती, आणि कदमशोनं आमचं घर आजवर दारातूनच पाहिलेलं, छपरावरून कधीच नाही. लाजून कुणाला विचारायचं नाही, ही आमच्या पोरांची खोड! गडी जीव मुठीत धरून नदी पार करून आला, आणि आत्याच्या छपरावर जाऊन बसला. मी ओढणीत तोंड खुपसून हसत होते. बाबांच्या मिशाही जरा हलल्यासारख्या वाटल्या.

थोड्याच वेळात आमच्या झरोक्यात आत्याचं डोकं दिसलं. "नियतभाऊ! तुझं गिऱ्हाईक चुकून माझ्याकडे आलं होतं. आणून सोडलंय. आता तू जाण आणि ते जाणे!"

आणि लाल रुमाल खाली उतरला.

बाबा उठले. त्यांनी भाकरी बांधली. रुमाल वर गेला आणि भाकरीसकट परत आला. त्यांनी अंडी बांधली. परत आली. चीज बांधलं, परत. मग कमरेची आपली सुरी काढून बांधली, हाडाच्या मुठीची, त्यांच्या वडिलांची. सुरीही अलगद परत आली.

मला राहवलं नाही. पेटीतला दुसरा मोजा काढला, लाल-काळ्या नक्षीचा, आणि रुमालात गाठ मारून दिला. रुमाल झर्रकन वर गेला. परत आला तो रिकामा.

"मोजा ठेवला हो लबाडानं!" वरून आत्या ओरडली. "आणि वर आणखी मागतोय!"

पण खाली कुणी हसलं नाही. बाबांनी रुमालाचं टोक एका हातात धरलं, दुसऱ्या हातात माझं मनगट. 

"बोल पोरी," ते म्हणाले.

"बाबा, मला तो हवाय." माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आणि मला तुम्हीही हवे आहात. मला नाही येत निवडता."

बाबांनी माझं मनगट सोडलं. दोन पावलं मागे गेले आणि रुमालाचं टोक घराच्या मुख्य खांबाला गुंडाळून पक्की गाठ मारली.

"कदमशो!" त्यांनी वर पाहत हाक दिली. "ऐकतोस ना? माझी मुलगी या खांबाला बांधलीय. न्यायची असेल तर खांबासकट ने. नाहीतर खाली ये आणि इथंच राहा."

रुमाल झरोक्यापासून खांबापर्यंत ताणलेला, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस कुठल्या दिशेला बघत होता ते मला न बघता कळत होतं. पलीकडे त्याची आई होती. आज राहिला तर तिला सांगायलाही जाता येणार नव्हतं, उद्या सकाळी चौकी बसणार होती. मी त्याला हाक मारणार होते... जा म्हणून की ये म्हणून, मला आजही सांगता येणार नाही.

रुमाल एकदम सैल पडला. वरचं टोक सुटून सरसरत खाली आलं आणि माझ्या पायाशी पडलं.

गेला.

मी ते टोक उचललं. ओलं होतं, नदीचा वास होता त्याला. बाबा काहीतरी म्हणत होते, मला ऐकू येत नव्हतं. मग थंड वाऱ्याचा झोत आला, दार वाजलं. दारात कदमशो उभा होता. टोपीवर बर्फ, बगलेत आत्याचं करडू.

"घरजावयाला," तो अडखळत म्हणाला, "दारातून येऊ देतात ना?"

"बूट झाडून," बाबा म्हणाले, आणि तोंड फिरवून पातेल्याकडे गेले.

तो माझ्याजवळ आला. जवळ म्हणजे अगदी जवळ, मध्ये हातभर अंतरही नव्हतं. हसू पाहत होता, पण डोळे भरले होते.

"आईला कोण सांगणार, ओयमो?" एवढंच म्हणाला.

त्याच्या गालावरचं पाणी मी ओढणीनं पुसलं. बाबांची पाठ होती, आणि आत्या... आत्या झरोक्यातून बघत होती, पण बघू दे. "मी तुझी आहे," मी म्हटलं. "याच्या बदल्यात हे फार थोडं आहे, ठाऊक आहे मला. पण जे आहे ते सगळं तुझं."

*

सकाळी गावच्या वडीलधाऱ्यांनी निकाह लावला. घाईचं लग्न, रबाब वाजवणाराही अर्धा झोपेत. तोवर झारचे शिपाई काठावर पखाली गोळा करत होते, आणि पलीकडे अमीराचे.

दुपारी आम्ही नदीवर गेलो. पाणी तिथं अरुंद आहे, नीट ओरडलं तर आवाज पोचतो. समोर त्याच्या गावची माणसं जमली होती. पुढे एक ठेंगणी बाई, काळ्या शालीत.

"आई!" कदमशोनं तोंडाशी हात धरून हाक मारली. "मी... इथंच राहिलो गं, आई! लग्न झालं माझं!"

पाण्याचा घोंगाट तेवढा होता. ती बाई हलली नाही. आमचा रिवाज असा की सासूसमोर नवरीचा चेहरा उघडायचा, मग सासू तिच्या उजव्या खांद्यावर चिमूटभर पीठ टाकते. पीठ पडलं की सून घरची झाली. नाही पडलं, तर उरलेलं लग्न नावापुरतं. कदमशोनं माझ्या चेहऱ्यावरची ओढणी वर केली. मी नदीपलीकडे बघत उभी राहिले.

ती बराच वेळ बघत होती. मग वळली आणि गर्दीतून मागे चालू लागली. कदमशोनं माझा हात ओढला.

"चल," तो म्हणाला. "बघवलं नाही तिला."

"थांब," मी म्हटलं. "माझे पाय हलत नाहीत."

आम्ही थांबलो. शिपायानं एकदा हटकलं, बाबांनी त्याच्या हातात भाकरी ठेवली, तो गप्प बसला. ऊन डोंगराआड जायला आलं, आणि मग ती पुन्हा गर्दीतून आली, हातात लाकडी वाडगा घेऊन. पाण्याच्या अगदी कडेला आली. तिथल्या शिपायानं बंदूक आडवी धरली. तिनं ती माशी हाकलावी तशी बाजूला सारली. वाडग्यातून चिमूट घेतली, हात उंच केला... आणि तसाच धरून काहीतरी ओरडली.

"काय म्हणतायत?" मला पाण्यापुढे ऐकू येईना.

कदमशो हसत होता, रडत होता, एकाच वेळी दोन्ही.

"म्हणते, पोरगी उंच आहे रे, माझा हात पुरत नाही. वाकायला सांग तिला."

मी वाकले.